गोल बुडाची लाल बादली

मी बादली बोलतेय. पाण्याची नव्हे हो, वाळूची. थेटरात, पेट्रोल पंपावर लाल रंगाच्या चार-पाच जणी ओळीनं टांगलेल्या असतात ना, त्या जातीची. तुम्ही आमच्याकडं कधी बघत नाही. बघितलंच तर बिडी विझवायला, नाहीतर पानाची पिंक टाकायला. असू द्या. साठी कधीच उलटली माझी, आता रागवायचंही त्राण नाही. एकदा काय ते सांगते आणि गप्प बसते.

जन्म माझा शहागंजच्या मागच्या गल्लीतला. नवाबमियाँ म्हणून पत्र्याचं काम करणारे होते. हा माणूस प्रत्येक गोष्टीचं साल अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपासून मोजायचा. मुलगी जाहेदा झाली ती ॲक्शनच्या वर्षी, दुकान घेतलं ते ॲक्शननंतर चौथ्या वर्षी, आणि मी झाले ती सोळाव्या वर्षी. माझं बूड त्यांनी ठोकून ठोकून गोल केलं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मियाँ, ही खाली ठेवायची कशी? कलंडती की!"

नवाबमियाँ हसले. "रखनाच नक्को भाई. सपाट बनाया तो लोगां घर कू लेके जाते, पानी भरते. गोल है तो किसी के घर में नै बैठती. टँगी रहती, अपनी जगा पे रहती."

म्हणजे बघा. कुणाच्याही घरात बसता येऊ नये असाच आकार मला जाणूनबुजून दिला. रंग वाळल्यावर जाहेदानं पांढऱ्या रंगात माझ्या पोटावर 'आग' लिहिलं. काना जरा वाकडा गेला तिचा. जिच्याशी जन्मभर वैर करायचं तिचंच नाव पोटावर घेऊन मी दुकानाबाहेर पडले.

जुन्या मोंढ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये आम्हा चौघींना टांगलं. चहूकडं कापूस, हवेत कापूस, माणसांच्या भुवयांवर कापूस. आग लागली असती तर आम्ही चौघी काय करणार होतो, देव जाणे. पण लागली नाही. वर्षं गेली. येणारे-जाणारे माझ्या वाळूत थोटकं खुपसायचे. कापसाच्या गोदामात बिडी ओढायची बंदी होती, म्हणून चोरून ओढायची आणि विझवायची मात्र माझ्यात. माणसं अशीच.

एकटा रामकिसन वेगळा. पहारेकरी म्हणून लागला तेव्हा मिसरूड फुटलं होतं नुकतं. रोज पाळी संपताना तो माझ्या वाळूत हात घालायचा, थोटकं वेचून टाकायचा, वाळू खालवर करायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुनीमजी चिडवायचे, "रामकिसन, बादलीशी लगीन लावून देऊ का तुझं?" तो लाजायचा, पण हात घालायचं सोडायचा नाही.

पुढं जिनिंग बंद पडलं. यंत्रं गेली, दारं-खिडक्या गेल्या. भंगारवाल्यानं माझ्या तीन बहिणी नेल्या आणि मला बाजूला टाकलं, कारण माझी कडी गंजली होती. रामकिसन म्हणाला, "मुनीमजी, ही मी नेऊ?" मुनीमजी म्हणाले, "ने की बाबा. कशाला पण? बसायची नाही घरात." त्यानं मला सायकलच्या हँडलला अडकवलं.

हर्सूलच्या पुढं, जटवाड्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी सात-आठ घरांची वस्ती आहे. तिथं त्याचं घर. त्याची बायको आशाबाई दारात उभी होती. तिनं मला उलटीसुलटी करून बघितलं.

"अवं, हे काय आणलं? जिनिंग बंद पडलं तर लोक मशिनीचा पत्रा आणतेत, वासे आणतेत. तुमी हे येडं भांडं आणलं!"

"राहू दे गं. लई वर्सं संगं होती."

ती पुटपुटत आत गेली आणि जुन्या लुगड्याची चुंबळ वळून घेऊन आली. चुंबळीवर मला बसवलं. मी बसले! कलंडले नाही. नवाबमियाँना कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्यांदा कुणाच्या घरात, जमिनीवर, बूड टेकवून मी बसले, तेव्हा मला रडू आलं असतं, पण पत्र्याला कुठलं रडू.

त्या घरात मी काय काय नाही सांभाळलं. कांदे सांभाळले, बाजरी सांभाळली. एका उन्हाळ्यात आशाबाईची लाल कोंबडी माझ्यात खुडूक बसली आणि अकरा पिल्लं काढली. पोटावर 'आग', पोटात पिल्लं. फक्त वाळू तेवढी कुणी घातली नाही. रामकिसन शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवर लागला होता. सकाळी जायचा, अंधार पडता यायचा. मीही वाळू विसरले. सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू?

रामकिसन निवृत्त झाला, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यानं जुनी खोली पाडून नवं घर बांधलं. विटांच्या भिंती, लाकडी वासे, वर पत्रा, आणि पुढं तुराट्यांचा मांडव, बसायउठायला. घर आशाबाईच्या नावावर केलं. मला ओसरीत खुंटीला टांगलं, शोभेसाठी म्हणा हवं तर. त्याला लेकरूबाळ नाही. जन्मभर दुसऱ्याच्या दारावर पहारा केलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं होतं. दिवसातून चार वेळा तो त्या दाराची कडी लावून बघायचा आणि काढायचा.

आता डोंगराचं सांगते. पावसाळ्यात तो हिरवा असतो, सगळ्यांना आवडतो. दिवाळीनंतर कुसळीचं गवत वाळतं, आणि शिमग्यापासून पुढं डोंगर पेटायला टपलेलाच असतो. कुणाची थोटकी बिडी, कुणी चांगलं गवत यावं म्हणून मुद्दाम लावलेली काडी, कारण काहीही. रात्री ओसरीतून बघावं तर वरच्या कड्यानं लाल रेघ सरकताना दिसायची. दरसाली ती रेघ थोडी खाली यायची. एका वर्षी शेजारच्या साळूबाईचा गोठा गेला. त्या रात्रीपासून रामकिसनची झोप गेली.

"घराचा इमा काढतेत म्हणं," तो एक दिवस म्हणाला.

आशाबाईचा चुलतभाऊ काकासाहेब पाचोडचा. शहरात विम्याचं काम करायचा. बोलावल्यावर मोटारसायकलवर आला, हेल्मेट मांडीवर घेऊन ओसरीत बसला.

"दाजी, खरं सांगू का? कंपनी तयारच नव्हती. आमचा साहेब म्हणला, डोंगराला चिटकून घर, दरसाली वणवा, अशा जागंला कोण इमा देतंय? मी हातापाया पडून तयार केला. हप्ता जादा हाय. आन् अटी हायेत."

"कसल्या अटी?"

काकासाहेब कागद लांब धरून वाचू लागला. "घराभोवती चाळीस फूट गवत नाय पायजे. पट्टा साफ. पळाट्या, कडबा घराला लागून नाय ठेवायचा. आन् वाळूची बादली, भरलेली, हाताला यील अशी."

"बादली!" रामकिसन उठूनच उभा राहिला. "आशे, बघ. येडं भांडं म्हणत हुतीस ना?"

त्या कागदावर पुढच्या ओळी बारीक अक्षरांत होत्या. त्या काकासाहेबानं वाचल्या नाहीत. ऊन तोंडावर आलं होतं आणि चहा निवत होता.

चार दिवस दोघं राबले, घराभोवतीचं गवत कापलं. पळाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जळणाला रचलेली होती मागच्या भिंतीला. ती सगळी उचलून बांधावर नेली. रामकिसननं मला घासलं, लाल रंग दिला, जाहेदाचं अक्षर जसंच्या तसं पांढऱ्या रंगानं गिरवलं, वाकड्या कान्यासकट. नदीची वाळू आणून चाळणीनं चाळली आणि मला काठोकाठ भरलं. काकासाहेबानं फोटो काढले. घराचा एक, पट्ट्याचा एक, आणि माझा एकटीचा एक. एवढी वर्षं काढली, पण तो दिवस माझा होता.

माघात विमा झाला. आणि मग माणसं जशी सैल पडतात तशी सैल पडली. आशाबाईचे गुडघे गेलेले. बांधावरून जळण आणायचं म्हणजे चाळीस पावलं जा, चाळीस पावलं या. रोज एक-एक भारा करत पळाट्या पुन्हा भिंतीला आल्या. वाळूचंही तसंच. एवढी चाळलेली, स्वच्छ वाळू दुसरी कुठली मिळणार? शिमगा जवळ आला, फुटाणे भाजायला तिनं आधी वाटीभर काढली, मग तांब्याभर, मग सगळीच घमेल्यात ओतून चुलीजवळ नेली. "परत भरीन की," माझ्याकडं बघत म्हणाली. मी रिकामी खुंटीला. तक्रार कुणाकडं करणार?

आता जे सांगायचंय ते जड आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, वस्तीतले लोक होळीचा विस्तव घरी आणतात. त्यावर अंघोळीचं पाणी तापवायचं. रामकिसनचा बाप त्याच विस्तवानं घराच्या वरच्या अंगाचं गवत जाळायचा. पट्टा साफ व्हायचा आणि वणवा आला तरी तिथं थांबायचा. म्हातारा म्हणायचा, होळीचा इस्तू घर जाळत नाय, तो देवाचा असतो. रामकिसननं ते लहानपणापासून दरसाली बघितलेलं. आणि पट्ट्यात कापलेल्या गवताचे वाळके खुंट अजून घोट्याएवढे उभे होते. आता कंपनीनंच पट्टा साफ ठेवायला सांगितलाय म्हटल्यावर त्याला वाटलं, बापाचंही ऐकलं आणि कंपनीचंही.

विस्तव आणायला भांडं शोधू लागला. मी रिकामी. हाताला आले.

तळाला राख घालून त्यानं माझ्यात निखारे भरले. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात आग आली, पोटावर लिहिलेली. बूड तापलं, रंग फुगला. मी ओरडले असते तर! बादलीला कडी असते, तोंड असतं, पण आवाज नसतो.

होळीपाशी चारचौघे बसले होते. त्यांनी त्याला अडवलं, मस्करी सुरू केली.

"काय रामकिसनभाऊ, आता काय, मज्जा हाय! जळलं तर नवं घर!"

"लावा आजच काडी, कंपनी बसलीय द्यायला!"

तो हसला, बसला, चहा प्याला. हे काम पहाटेचं, दव असतं तेव्हाचं. बाप पहाटे करायचा. हा निघाला तेव्हा ऊन चढलं होतं आणि डोंगरावरून वारा सुटला होता. आशाबाई साळूबाईकडं पोळ्या द्यायला गेलेली. त्यानं पट्ट्याच्या वरच्या टोकाला मला तिरकी केली आणि निखारे गवतात सोडले.

गवत पेटलं. थोडा वेळ सगळं नीट चाललं होतं. एका हातात मी, दुसऱ्या हातात हिरवी डहाळी, असा तो कडा झोडपत होता. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि जळती कुसळं उडाली. पळाट्यांवर पडली. पळाट्या पेटायला वेळ लागत नाही हो. ज्वाळा भिंतीवरून वाशांना गेल्या, पुढचा मांडव धरला.

"वाळू! आशे, वाळू!" तो ओरडला आणि ओसरीकडं धावला. खुंटी रिकामी. बादली त्याच्याच हातात होती, राखेनं माखलेली. त्या क्षणी त्यानं माझ्याकडं बघितलं ते डोळे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

खालच्या मळ्यातून फारूख पाण्याचा लांब पाइप ओढत आला. "चाचा, हटो! बाजू व्हा!" त्याच्या विहिरीच्या पाण्यानं शेजारची घरं वाचली. हे घर नाही वाचलं. वासे पडले, पत्रा दुमडून खाली आला, आणि ते दार, रामकिसनचं ते दार, उभ्या उभ्या जळालं. दारची गाय तेवढी कुणीतरी वेळेवर सोडली होती. मी उकिरड्यात पडले होते, त्यानं फेकलेली.

आशाबाई धावत आली, मटकन खाली बसली. "कुठनं आली वो आग?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. सकाळची मस्करी अजून लोकांच्या कानात होती, त्याच्याही. विमा काढून दोन महिने नाही झाले. त्याच्या मनात आलं, मी लावली म्हणालो तर कोण म्हणेल चुकून लागली? त्यानं मान वर न करता डोंगराकडं हात केला.

"वरनं आली."

एवढंच बोलला. पण लोकांना तेवढं पुरलं. डोंगरावर त्या दिवशी सांडू होता, शेळ्या घेऊन. पलीकडच्या तांड्याजवळ एकटा राहणारा माणूस, वयानं रामकिसनच्याच बरोबरीचा, बोलायला कमी. दुपारपर्यंत वस्तीत झालं, सांडूच्या बिडीनं घर गेलं. संध्याकाळी कुणीतरी त्याच्या शेळ्या हौदावरून हाकलून दिल्या. फारूख एकटा म्हणाला, "अरे बघितलंय का कुणी?" त्याचं कोण ऐकतंय?

रामकिसननं हे सगळं ऐकलं. काही बोलला नाही. आशाबाईलासुद्धा नाही. साळूबाईच्या पडवीत दोघं राहत होते आणि तो रात्रभर बसून असायचा. जेवायचा नाही. आशाबाईला वाटायचं, घराचं दुःख आहे.

काकासाहेब आला, सगळीकडं फिरून बघितलं. "दाजी, काळजी करू नका. सर्व्हेचा साहेब सोमवारी येतोय. वणवा डोंगरावरनं आला, शेळ्यावाल्याच्या बिडीनं, असं लिहून द्यायचं. त्याचं नाव टाकलं की दावा पक्का. फॉरेस्टवालं काय करायचं ते करतील त्याचं."

"सांडूचं नाव?"

"मग कुणाचं टाकायचं?"



रविवारी पडझड उचलायला वस्तीतले लोक आले. सांडूही आला. कुणी बोलावलं नव्हतं. लोकांनी तोंडं फिरवली, तरी एका बाजूनं तो मुकाट्यानं विटा उचलत राहिला. राख टाकायला उकिरड्यावर आला तेव्हा त्याला मी दिसले. उचललं त्यानं मला. आत बघितलं. तळाशी विझलेले कोळसे होते, बूड आतून काळं, बाहेरून रंगाचे फोड. शेळ्या राखणारा माणूस, आगीचं त्याला शिकवायला नको. डोंगराच्या बाजूला त्यानं नजर टाकली. जळलेला पट्टा खाली घरापाशी काळा होता, आणि वरचा सगळा डोंगर तसाच पिवळा, न जळलेला; तिकडं इतक्या दिवसांत कुणी नीट बघितलंच नव्हतं.  त्याला सगळं कळलं.

ओरडेल असं मला वाटलं. लोकांना हाक मारेल, दाखवेल. मी मनात म्हणाले, दाखव रे बाबा, सुटशील! त्यानं कोळसे झटकले. मला हौदावर नेऊन मातीनं घासलं. डोक्याचा पटका सोडून चुंबळ वळली, ती रामकिसनपुढं ठेवली आणि तिच्यावर मला बसवलं.

"तुमची बादली, रामकिसनभाऊ. चांगली हाय अजून."

बस. शेळ्यांकडं निघून गेला. रामकिसन माझ्यासमोर बसून राहिला आणि पहिल्यांदा, घर जळाल्यापासून पहिल्यांदा, रडला.

सोमवारी साहेब आला. सावळा, चष्मेवाला, थकलेला माणूस. असली जळकी घरं बघत फिरणं हेच त्याचं काम असावं. वस्ती जमली. सांडूलाही बोलावून एका बाजूला उभं केलं होतं.

"आग कुठून आली?" साहेबानं विचारलं.

काकासाहेब पुढं झाला. "डोंगरावरनं साहेब. हा शेळ्यावाला. बिडी."

"काय हो?" साहेब सांडूला म्हणाला.

सांडूनं हात जोडले. "बिडी सोडून तीन वर्सं झाली सायेब. खोकला हाय मला." लोक हसले. त्यानं रामकिसनकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबानं कागदावर पेन टेकवलं. "नाव सांगा पूर्ण."

"सायेब, त्येला जाऊ द्या." रामकिसन उठला.  "त्यानं काय केलं नाय. इस्तू मी आणला. होळीचा. ह्या बादलीत. गवत साफ करायला लावला, वारं सुटलं."

 काकासाहेब म्हणाला, "दाजी, तुमचं डोकं फिरलंय का? साहेब, घर जळाल्यापास्नं त्यांना भान नाय."

"भान हाय मला. मुद्दाम नाय लावली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू द्या. पण मी लावली."

आशाबाई त्याच्याकडं बघत होती. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि आठ दिवस तिला सांगितलं नव्हतं. ती आता काय करते, इकडं माझा जीव टांगणीला. गुडघ्यावर हात देत ती उठली.

"आन् पळाट्या भिताडाला कुणी आणल्या? मी. वाळू कुणी काढली? मी, फुटाणे भाजाया. लिवा सायेब, तेबी लिवा. माझ्या नावावर हाय घर. तुमी एकलेच कशाला घेता वो सगळं?" शेवटचं वाक्य रामकिसनला होतं.

साहेबानं मला उचललं. आत बोट फिरवून बघितलं. मग कागदावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, "पट्ट्यातलं गवत कापून काढावं. जाळून काढल्यास कंपनी जबाबदार नाही." आशाबाई काकासाहेबाला म्हणाली, "ही वळ तू वाचली नव्हती, भाऊ." काकासाहेब हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिला. साहेबानं सगळं लिहून घेतलं. जाताना रामकिसनला म्हणाला, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच असतं असं नाही." का म्हणाला, कुणास ठाऊक.

दोन महिन्यांनी पत्र आलं. दावा नामंजूर. पुढच्या वर्षाचा विमाही नाही.

लोक बोलायचं ते बोललेच. विम्यासाठी लावली, पचली नाही म्हणून कबूल केलं, असंही बोलले. आता एका खोलीवर फारूखनं दिलेले जुने पत्रे आहेत. दाराच्या जागी फळ्या ठोकल्यात, त्यांना कडी नाही. मी आत चुंबळीवर असते, त्याच पटक्याच्या. सांडूनं तो परत मागितला नाही.

पट्टा आता सांडूच्या शेळ्या साफ ठेवतात. रामकिसननंच जाऊन सांगितलं, "माझ्या घराभोवतीच चारत जा, रोज." काडीची गरज पडत नाही. यंदा माघाच्या शेवटी वणवा आला तो खरंच वरून आला. लाल रेघ उतरत उतरत पट्ट्यापाशी आली, तिथं तिला खायला काही मिळालं नाही, आणि विझली. रामकिसन आणि सांडू, दोघं म्हातारे, बघत उभे होते. 

माझी कडी पार झिजलीय. रंग गेला, 'आग'मधला वाकडा काना तेवढा दिसतो. शहराचं नाव बदललं म्हणतात, जिनिंगच्या जागी दुकानं झालीत म्हणतात. मला काही बघायचं नाही आता. तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, जिन्यात माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिच्यात वाळू आहे का, एकदा हात घालून बघा. नसेल तर भरा. फुटाणे दुसऱ्या वाळूत भाजा.

काल होळी झाली. आज धुळवडीला पहाटेच रामकिसननं मला उचललं. काठोकाठ वाळू होती. लोक विस्तव न्यायला आले होते. आम्हाला बघून एक-दोघे हसले. "काय रामकिसनभाऊ, बादली घेऊन?" तो हसला नाही. सगळ्यांचा विस्तव नेऊन होईपर्यंत मला घेऊन तिथंच उभा राहिला. मग शेवटच्या निखाऱ्यांवर मला हळूच तिरकी केली आणि मूठ-मूठ वाळू सोडली. मी साठ वर्षांत विझवलेली ती पहिली आग.

मग तो परत निघाला. अर्धी वाळू अजून माझ्यात होती आणि वाट चढाची. मागून कुणीतरी आलं आणि कडीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. सांडू होता. दोघांनी मिळून मला घरी आणलं.